मीठ बरोबर आहे

बायको गेल्यापासून मिस्त्रींच्या जिभेला चव कळत नव्हती. सर्दी नाही, ताप नाही, तोंडात फोड नाही. घास घालायचा, चावायचा, गिळायचा. कुणाला बोलले नाहीत. बोलले असते तर पोरीने त्याच आठवड्यात त्यांचं बोचकं बांधून आपल्या घरी नेलं असतं, आणि त्यांना स्वतःचं घर सोडायचं नव्हतं.

पोरीला संशय होताच.

"सदरा खुंटीला टांगल्यासारखा लोंबतोय तुमच्या अंगावर," ती म्हणाली. "एकदा माझ्यासमोर नीट जेवून दाखवा. मग माझ्याकडे राहायला या म्हणून विषय काढणार नाही."

रविवारी दुपारी तिने त्यांना गल्लीच्या टोकाच्या नव्या हॉटेलात नेलं. दहा खुर्च्या, एक आचारी. काय खायचं ते विचारत नाहीत. आचारी ठरवेल त्या सात बश्या, एकामागून एक.

पहिल्या बशीत बिटाची एक चकती आणि वर पांढरा ठिपका.

"हे जेवण की नमुना?" मिस्त्री म्हणाले. "रंगारीसुद्धा भिंतीवर याहून मोठा ठिपका मारून दाखवतो."

"बाबा, हळू! समोरच उभा आहे तो."

आचारी हसला. "धीर धरा मिस्त्री, अजून सहा आहेत."

दुसऱ्या बशीत भोपळ्याचा लगदा चमच्याच्या पाठीने ओढलेला. एका दमात, मध्ये कुठे जोड नाही. मिस्त्रींनी अडतीस वर्षं भिंतींना गिलावा केला होता. चव कळत नसली तरी काम कळत होतं.

"हात चांगला आहे."

"हाताचं नाही विचारलं," पोरगी म्हणाली. "लागतंय कसं?"

"मीठ बरोबर आहे."

हे जुनं वाक्य. बायको रोज हातात पळी धरून विचारायची आणि ते रोज एवढंच म्हणायचे. तिसऱ्या बशीतल्या मासळीला त्यांनी तेच सांगितलं, चौथ्या बशीतल्या अळंब्यांनाही. पोरीच्या कपाळावरची आठी उतरू लागली.

मग एक छोटी वाटी आली. आचारी ठेवता ठेवता काहीतरी बोलला, पण मिस्त्रींचं लक्ष नव्हतं. तीन उरल्या, एवढंच डोक्यात. त्यांनी चमचा बुडवला, ओठ पुसले.

"जरा पातळ आहे. पण मीठ बरोबर आहे."

आचारी फडकं हातात धरून तसाच उभा राहिला. पोरीने चमचा खाली ठेवला.

"बाबा, ते कोमट पाणी आहे. पुढच्या बशीआधी तोंड साफ करायला दिलंय."

मिस्त्रींनी वाटीत पाहिलं. तळ स्वच्छ दिसत होता.

"कधीपासून?"

"तुझी आई गेली तेव्हापासून."

"आठ महिने?"

"झाले असतील."

ती रडली नाही. त्यांनाही काही वाटलं नाही. पाय मुंग्या येऊन बधिर व्हावा, तसं सगळं अंग होतं. आचारी हलकेच म्हणाला, "बाकीचं राहू द्यायचं का?"

"का? केलंयस ना तू? मग आण."

राहिलेल्या तिन्ही बश्या त्यांनी संपवल्या. एकेक घास पुरता चावला, बशीच्या काठाचा रससुद्धा पुसून घेतला. शेवटचं फळ गार होतं, तेवढं कळलं. पोरगी आपल्या बश्यांकडे नुसती बघत होती.

"आता विषय काढू का?" तिने विचारलं.

"काढ."

"मागची खोली रिकामी आहे. सकाळचं ऊन येतं."

"ऊन येतं, पण भिंतीला ओल आहे."

"मग तुम्हीच करा ना दुरुस्त."

"माझ्याने नाही होणार. दुसरा मिस्त्री बघ." त्यांनी उठून खुर्ची टेबलाखाली सरकवली. "वीट दिसेपर्यंत खरवडायला सांग त्याला. वरवर लिंपणारे फार झालेत."

"आणि तुम्ही?"

"वाळली की येतो."