हरणीसाठी साखर

चाकण रस्त्यावरच्या गावांतून सायकलने फिरणारे आमचे गुरांचे डॉक्टर उपचार संपला तरी लगेच निघत नसत. काय केलं आणि का केलं, ते घरातल्या कुणाला तरी समजावून देत आणि म्हणत, "आता तुम्ही सांगा बघू." समोरच्याने नीट सांगितलं की मगच पिशवी उचलत. आमच्या मोशीत त्यांना सगळे 'सांगा-बघू डॉक्टर'च म्हणत.

जनावराला हात लावण्याआधी ते त्याच्याशी दोन शब्द बोलत. माणसांना सरसकट अहो-जाहो. घरातल्या नव्या सुनेलाही.

ती नवी सून मी. पिंपरीला तेव्हा औषधांचा कारखाना नुकताच सुरू झाला होता आणि तिथल्या वसाहतीत आमच्या घरचं दूध जायचं. लग्नात वडिलांनी दिलेली हरणी गाय माझ्याबरोबर तळेगावाहून आली. त्यानंतर थोड्याच दिवसांत सासऱ्यांचा बैल दगावला. शेजारणी सासूबाईंच्या कानाशी लागल्या, की सून पांढऱ्या पायाची दिसते. सासूबाई मला काही बोलल्या नाहीत, पण माझ्याशी बोलणंच त्यांनी कमी केलं.

अशात एका सकाळी हरणी व्याली. कालवड धडधाकट होती, पण मागोमाग गाईचं अंग, म्हणजे गर्भाशय, बाहेर पडलं. लालभडक, सुजलेला तो गोळा पाहून मी नवऱ्याला हाक मारली. नवऱ्याने डॉक्टरांना आणलं, तोवर सूज आणखी चढली होती. डॉक्टरांनी कोपरापर्यंत हात धुतले, लाल पोटॅशच्या जंतुनाशक पाण्याने अंग स्वच्छ केलं आणि नवऱ्याला आणि सासऱ्यांना ते धुतलेल्या धोतरावर उचलून धरायला लावलं. त्यांनी आत ढकलायचा खूप प्रयत्न केला. जाईना. सासरे मान फिरवून उभे राहिले.

डॉक्टरांनी घाम पुसला आणि घरात साखर आहे का, असं मला विचारलं. मी सासूबाईंकडे पाहिलं. पूजेच्या प्रसादासाठी जपून ठेवलेला डबा तेवढा होता. त्या आत गेल्या आणि तो डबाच घेऊन आल्या. डॉक्टरांनी सगळी साखर त्या सुजेवर थापली आणि शांतपणे बसून राहिले.

"ताई, काकडीला मीठ लावून ठेवलं की काय होतं?"

"पाणी सुटतं," मी म्हणाले.

"तेच इथं. या पातळ पडद्याला डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं असतात. त्यातून पाणी जातं, साखर सहजी जात नाही. बाहेर साखरेचा दाट पाक झाला, की सुजेतलं पाणी त्याच्याकडे ओढलं जातं. मिठानेही झालं असतं, पण ते तिला झोंबलं असतं."

शास्त्रात याला परासरण म्हणतात, हेही त्यांनी सांगितलं. तो शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. बोलता बोलता धोतरातून पाणी ठिबकू लागलं. गोळा आमच्या डोळ्यांदेखत मऊ पडत गेला, आकसत गेला. डॉक्टरांनी तो पुन्हा धुतला, मूठ वळली आणि सावकाश, हरणीच्या कळांमधली उसंत पाहत आत सारला. या वेळी गेला. टाके घालून झाले आणि थोड्या वेळाने हरणी उठून कालवडीला चाटू लागली.

मग नेहमीप्रमाणे "सांगा बघू" झालं. मी काकडीपासून सगळं सांगितलं. डॉक्टरांनी मान डोलावली आणि सासूबाईंकडे वळून म्हणाले, "कालवड अंगाने मोठी होती, गाईला जोर फार लागला. कारण एवढंच. दुसरं काही शोधू नका." शेजारणींचं बोलणं डॉक्टरांच्या कानावर कसं गेलं, ते मला कधीच कळलं नाही.

ते गेल्यावर मी गोठ्याच्या दारात बसून पोटभर रडले. सासूबाईंनी पाहिलं. त्यांनी माझ्याजवळची घागर उचलली आणि स्वतः पाण्याला गेल्या.

पुढे डॉक्टरांची बदली संगमनेरकडे झाली. निरोप घ्यायला आले तेव्हा सासरे त्यांना हरणीची कालवड देऊ लागले. भाड्याच्या खोलीत ती बांधणार कुठे, असं म्हणून डॉक्टर हसले. उभ्या उभ्या पेलाभर दूध प्यायले, कालवडीची मान खाजवली आणि सायकलवर बसून नदीच्या बाजूला गेले.

मी दारातून पाहत होते. सासूबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. सायकल दिसेनाशी झाली तरी त्या हलल्या नाहीत.

"पोरी," त्या म्हणाल्या, "त्या दिशी हरणी गेली आसती, तर मी तुला काय काय बोलले आसते गं."

त्यांनी माझा हात धरला, आणि धारेची वेळ झाली म्हणून आम्ही दोघी गोठ्याकडे वळलो.