फुटाळ्यावर उघडलेला डबा

आमच्या सासरी पाहुणा आला की त्याला नागपूर दाखवायचं, हा मामाजींचा नेम. मामाजी म्हणजे माझे सासरे. इतवारीत त्यांचं भांड्यांचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागेच घर. पाहुणा जावई असो की लांबचा मावसभाऊ, टांगा दारात यायचा. मामाजी काळी टोपी चढवून पुढे बसायचे. मग राजवाडा, शुक्रवारी तलाव, महाराजबाग, तेलंगखेडीची बाग, फुटाळा आणि अंबाझरी हे आणखी दोन तलाव, असं सगळं दाखवून छाती फुगवून परत यायचे. जणू ते तलाव यांनीच खोदले होते!

यात बाई कधी नसायची. बायकांच्या वाट्याला डबा. चार खणांचा, पितळेचा, आमच्याच दुकानातला. तो भरला की उचलून टांग्यात ठेवायला दुकानातला गडी यायचा. माझ्या सासूबाई, म्हणजे आई, पहाटे उठून तो भरायच्या. टांगा निघाला की आम्ही दोघी रिकाम्या कढईपुढे बसायचो.

मी खापरखेड्याची. वडील पॉवरहाऊसमध्ये कामाला, त्यामुळे कॉलनीत वाढलेली. तिथे संध्याकाळी बाया घोळक्याने फिरायला निघत आणि कुठे चालल्या म्हणून कोणी विचारत नसे. इतवारीत आल्यावर मला कळलं की इथे बाईला बाहेर पडायला काम लागतं. देऊळ, लग्न, दवाखाना, नाहीतर मयत. नुसतं फिरायला जाणं हे काम नाही. माझं डोकं तेव्हापासूनच गरम होतं, पण नवी सून, बोलते कुणाजवळ!

एकदा आईंना मी सहज विचारलं, "आई, फुटाळा कसा आहे जी?"

"फुटाळ्याले पुऱ्या बऱ्या," त्या म्हणाल्या. "तिकडे हवा असते म्हणतात, पोळ्या वातड होतात. अंबाझरीले दशम्या. महाराजबागेत काहीबी चालते, पण वास नको यायले, माकडं लय आहेत म्हणतात."

मी पाहतच राहिले. "म्हणजे तुम्ही गेल्याच नाही कधी?"

"मी कधी जाऊ वं? जन्मली त्या गल्लीत, नांदली या गल्लीत." मग कणीक मळता मळता, माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "फुटाळा पाहावा वाटते एकडाव. दिवस बुडताना पाणी लाल होते म्हणतात."

त्या 'म्हणतात'नं मला जे काही झालं ते अजून होतं. जे गाव बघायला साऱ्या पाहुण्यांना या बाईनं डबे भरून दिले ते गाव हिनं पाहिलेलं नाही! त्या दिवशी मी मनात ठरवलं, फुटाळा दाखवीन यांना. कसा ते माहीत नव्हतं.

आणीबाणीच्या आधीची दोन-तीन वर्षं असतील. नणंदेला पहिली मुलगी झाली आणि बारशाला तिच्या सासरची माणसं इंदूरहून आली. व्याहीबुवा, विहीणबाई आणि जावई. व्याहीबुवा नुकतेच उदेपूरला जाऊन आले होते. मग काय विचारता! बारशाच्या पंगतीत उदेपूर, पान खाताना उदेपूर, हात धुताना उदेपूर. तळ्याच्या मधोमध महाल, राण्यांच्या मैत्रिणींसाठी बांधलेली बाग, कारंजी. शेवटी सुपारी कातरत म्हणाले, "तुमच्या नागपुरात संत्र्यांशिवाय पाहण्यासारखं आहे काय?"

मामाजींचा चेहरा पडला. नागपूरला कोणी नावं ठेवली की त्यांना स्वतःच्या दुकानाला ठेवल्यासारखं व्हायचं. "उद्या दाखवतो न तुम्हाले," ते म्हणाले. "उद्या राजवाडा अन् महाराजबाग. तेलंगखेडी, फुटाळा, अंबाझरी परवा, निवांत."

दुसऱ्या दिवशी डबा भरला. पुऱ्या, आलूची कोरडी भाजी, दह्यातल्या मिरच्या आणि सगळ्यात खालच्या खणात सांबारवडी. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हिवाळ्यात ती जुडीजुडीनं येते आणि वड्या खमंग होतात. टांगा आला, तिघं पुरुष बसले, टांगा गेला. आई आत आल्या आणि ओट्यापाशी थबकल्या. डबा तिथेच!

झालं होतं असं की दुकानातला गडी, जो नेहमी डबा उचलून टांग्यात ठेवायचा, तो भावाच्या लग्नाला गावी गेला होता. आता राहिले तिघं. मामाजी घरचे मालक, ते डबा कशाला उचलतील? व्याहीबुवा पाहुणे. आणि जावयाच्या हातात तर आम्ही पाण्याचा तांब्यासुद्धा देत नव्हतो. तिघंही डब्यावर नजर टाकून ऐटीत निघून गेले होते.

"अवं माय!" आईंनी कपाळावर हात मारला. "उपाशी राहतील न हे. हॉटेलातलं खात नाही हे."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी म्हटलं, "आई, पोचवून द्यावा लागते डबा."

"कोण पोचवल? तुहा नवरा दुकान सोडून जाऊ शकत नाही."

"आपण."

आईंनी माझ्याकडे पाहिलं. डबा पोचवणं हे काम होतं. त्याला कोणी नाही म्हणू शकत नव्हतं. तेवढ्यात आतून, बाळाला मांडीवर घेऊन बसलेली नणंद ओरडली, "जा वं आई! मी आहो न घरी. अन् माझ्या सासूबाईंनाही ने, त्या काल धरून खांबाले टेकून बसल्या आहे."

विहीणबाई 'नको, नको' म्हणत उठल्यासुद्धा. पाच मिनिटांत लुगडं बदलून तयार! मी कोपऱ्यावरून दुसरा टांगा आणला. डबा आईंच्या मांडीवर. दुकानासमोरून जाताना माझ्या नवऱ्यानं तराजू हातात धरून तोंड उघडलं, पण टांगा पुढे गेला होता.

महाल भागात, राजवाड्यापाशी पोचलो तर पुरुष पुढे निघून गेलेले. "गेले वाटते शुक्रवारीले," टांगेवाला म्हणाला. पण आई खाली उतरल्या. राजवाड्याचा दरवाजा त्यांनी खालपासून वरपर्यंत पाहिला. "बापा! केवढा तो," म्हणाल्या. "एवढ्याशा अंतरावर होता, अन् मी लग्नाच्या वरातीत समोरून गेली तेव्हा डोळ्यांवरून पदर." मग दगडी चौकटीला हात लावून पाहिला, भांडं ठोकून पाहतात तसा.

शुक्रवारी तलाव आईंनी पाहिलेला होता, पण गणपती बुडवायच्या गर्दीत, लोकांच्या पाठींमधून. आज तो अख्खा समोर होता, वाऱ्यानं पाणी हलत होतं. पुरुष इथेही नव्हते. आई विहीणबाईंना म्हणाल्या, "उदेपूरचा तलाव याच्याहून मोठा असल न?"

"असेल," विहीणबाई म्हणाल्या.

"असेल म्हणजे? पाह्यला न तुम्ही?"

विहीणबाई पाण्याकडे बघत राहिल्या. "मी कुठे पाहिला! सामान होतं ना. धर्मशाळेत कुणाच्या भरवशावर ठेवायचं? हे आणि मुलगा बघून आले. मी खोलीत बसले. खिडकीतून बैलगाड्यांचा अड्डा दिसायचा."

मला इतका संताप आला की मी टांग्याच्या दांडीवर हात आपटला. राण्यांच्या मैत्रिणींसाठी बाग बांधली म्हणे! आणि हिला ट्रंका राखायला बसवलं! त्या मात्र हसल्या. "सवय झाली हो आता," म्हणाल्या. ते हसणं मला रडण्यापेक्षा वाईट वाटलं. टांग्यात बसल्यावर आईंनी विहीणबाईंचा हात धरला आणि महाराजबाग येईपर्यंत सोडला नाही.

आणि महाराजबागेत ते दिसले. फाटकातून आत लांबवर, माकडांच्या पिंजऱ्यापाशी. मामाजींची काळी टोपी, व्याहीबुवांचा कोट. मामाजी पिंजऱ्याकडे हात करून काहीतरी समजावत होते. माकडंही ऐकत असावीत.

"चला, दिसले एकदाचे," विहीणबाई म्हणाल्या. "डबा दिला की आपण मोकळ्या."

मी म्हटलं, "मोकळ्या कसल्या! डबा दिला की घरी. मामाजी म्हणतील, आल्या तशा जा परत."

आईंनी डबा मांडीवरून उचलला. मला वाटलं, आता उतरतात. संपलं सगळं. फुटाळा गेला, आता पुन्हा पंचवीस वर्षं पुऱ्या तळा. आई बराच वेळ त्या काळ्या टोपीकडे पाहत होत्या. मग त्यांनी डबा खाली पायाशी ठेवला, त्याच्यावर लुगड्याचा घोळ नीट पसरला आणि टांगेवाल्याला म्हणाल्या, "हाक गा भाऊ. फुटाळ्याले घे."

"काहून? माणसं भेटले नाही का?"

"भेटले. तू हाक."

मी ओरडणारच होते, तोंडावर पदर धरला. विहीणबाईंचे डोळे एवढाले झाले. "अहो, पण ते उपाशी राहतील!"

"राहू द्या," आई म्हणाल्या. "एक दिवस राह्यल्यानं कोणी मरत नाही. मी किती डाव राह्यली, मले माहीत आहे."

तेलंगखेडीच्या बागेत आम्ही तिघी चपला काढून हिरवळीवर बसलो. आईंना नुसतं बसता येईना. त्या गवतातले खडे वेचायला लागल्या, तांदळातले वेचतात तसे. मी त्यांचा हात धरला. "आई, काम नाही जी इथे." त्या लाजल्या. मग हळूहळू पाय लांब केले, मागे हात टेकले, आणि एका गुलाबाच्या ताटव्याकडे इतका वेळ पाहत बसल्या की माळी दोनदा वळून बघून गेला. विहीणबाई तर पायऱ्या खाली उतरायच्या, पुन्हा वर यायच्या, पुन्हा उतरायच्या. विचारलं तर म्हणाल्या, "कोणी थांबवत नाहीये ना, म्हणून."

मग फुटाळा. काय सांगू! समोर नुसतं पाणी, पलीकडे झाडी, आणि वारा असा की डोक्यावरचा पदर टिकेना. आईंनी दोनदा सावरला, तिसऱ्यांदा सोडून दिला. त्यांचे पांढरे केस उडायला लागले. मी त्यांना तशा कधी पाहिलं नव्हतं.

भुका सपाटून लागल्या होत्या. डबा उघडला. आईंनी सवयीनं आधी आजूबाजूला पाहिलं, कुणाला वाढायचं म्हणून. मी डबा ओढून घेतला. "आज मी वाढते. तुम्ही आधी." टांगेवाल्यालाही पानभर दिलं. आईंनी पुरी मोडली, भाजी घेतली, वडी तोंडात टाकली आणि थांबल्या.

"काय झालं जी?"

"खरंच वं," त्या म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं आणि हसत होत्या. "फुटाळ्याले पुऱ्या बऱ्याच लागतात."

आम्ही सगळा डबा संपवला. तिघा पुरुषांचं आम्ही तिघी बायांनी! वर दिवस बुडेपर्यंत बसलो. पाणी लाल होतं. म्हणतात नाही, होतं.

घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते आणि पुरुष आमच्या आधी येऊन बसले होते. चहा नाही, काही नाही. नणंद आतून म्हणाली होती म्हणे, बाळ झोपलं आहे, मी उठत नाही. मामाजी, कोणीतरी डबा आणून देईल म्हणून वाट पाहून, शेवटी सीताबर्डीवरच्या हॉटेलात काहीतरी गिळून आले होते आणि पोट धरून बसले होते.

"डबा कुठी आहे?" त्यांचा आवाज दुकानापर्यंत गेला.

"हा काय," आईंनी डबा समोर ठेवला. तो टणकन वाजला, रिकामा.

"यातलं काय झालं?"

"खाल्लं."

"कोणी?"

"आम्ही. फुटाळ्यावर बसून."

"आम्ही तुम्हाले भेटलो नाही का कुठी?"

मला वाटलं, आता आई खोटं बोलतील. बोलायला सोपं होतं. पण त्या म्हणाल्या, "दिसले होते न. महाराजबागेत, माकडाच्या पिंजऱ्यापाशी."

"मंग दिला काहून नाही?"

"दिला असता तर घरी पाठवलं असतं तुम्ही."

मामाजींनी डब्याचं झाकण उघडलं. मग लावलं. पाठवलं असतं, हे त्यांनाही माहीत होतं.

व्याहीबुवांनी प्रसंग सावरायला घसा खाकरला. "जाऊ द्या हो. असं काय ठेवलंय नागपुरात! उदेपूरला जे आम्ही पाहिलं..."

"मी नाही पाहिलं उदेपूर," विहीणबाई म्हणाल्या. दोन दिवसांत नवऱ्यासमोर त्यांचा आवाज आम्ही पहिल्यांदा ऐकला. "मी सामान पाहिलं. नागपूर पाहिलं मी. आणि तुम्ही अजून फुटाळा पाहिला नाही, तर तुम्हाला काय माहीत नागपुरात काय आहे!"

आतून नणंदेनं टाळी वाजवली. बाळ जागं होऊन रडायला लागलं, पण मला तर ते ओरडून शाबासकी देतंय असंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी दारात दोन टांगे उभे राहिले. पहिल्यात आई आणि विहीणबाई आधी जाऊन बसल्या, मोकळ्या हातांनी. अंबाझरी होतं म्हणून मी आणि आईंनी दशम्या केल्या होत्या, डबा ओट्यावर भरून तयार होता. मी मुद्दाम दाराशी थांबून राहिले. मामाजींनी टोपी नीट केली, एकदा गल्लीत इकडे पाहिलं, एकदा तिकडे पाहिलं. मग आत गेले आणि तो चार खणांचा डबा दोन्ही हातांनी उचलून बाहेर आले.