रिपोर्टाआधी दिलेली साक्ष

"सस्पिशियस," डॉक्टर म्हणाले आणि रिपोर्ट माझ्याकडे वळवला. "म्हणजे संशयास्पद. कॅन्सर आहे असं लिहिलेलं नाही, नाही असंही नाही. थायरॉइड काढून तपासल्याशिवाय कळणार नाही."

उल्हासनगरच्या त्या हॉस्पिटलात मी तो कागद दोनदा वाचला. पण खरं सांगते, पहिला विचार मरणाचा आला नाही. वाटलं, आता रविवारी चर्चमधल्या मंडळीला तोंड कसं दाखवू?

चूक माझीच होती. गळ्याला बोराएवढी गाठ लागली तेव्हा सोनोग्राफी करणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, "साधी दिसतेय, पण सुईची तपासणी करून घ्या." त्यातलं 'साधी' एवढंच मी ऐकलं. त्याच रविवारी अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या चर्चमध्ये साक्ष द्यायला उभी राहिले. साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. "प्रभूनं मला बरं केलं," असं ठणकावून सांगितलं. टाळ्या वाजल्या. मग वीस वर्षांच्या सवयीनं गीतही मीच सुरू केलं.

घरी आल्यावर आमचे हे म्हणाले, "रूथ, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. रिपोर्ट तरी येऊ द्यायचास." मी त्यांनाच अल्पविश्वासी ठरवलं.

सुईच्या तपासणीला एफएनएसी म्हणतात. बारीक सुईनं गाठीतल्या पेशी काढून बघतात. तो 'सस्पिशियस' रिपोर्ट तिचाच. इंजेक्शनाइतकंच दुखतं, त्याला घाबरू नका. मी घाबरले ते सर्जनच्या बोलण्यानं. "आवाजाची नस थायरॉइडला लागूनच जाते. जपून करू. पण आवाज बसू शकतो, क्वचित कायमचा."

मन चिंती ते वैरी न चिंती. मला वाटलं, देवाच्या नावानं खोटं बोलले, म्हणून देव आता आवाजच नेणार. दोन रविवार मी ताप असल्याचं सांगून घरी बसले. म्हणजे आणखी एक खोटं.

त्यात एकही काम सरळ होईना. ईसीजीला गेले तर मशीन बंद. तारीख मिळाली तर सर्जन रजेवर. शेवटी ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत पोचले, तर भीतीनं बीपी इतकं चढलेलं की भूल देणाऱ्या डॉक्टरांनी परत पाठवलं. "आठ दिवस गोळ्या घ्या आणि शांत राहा." गोळ्या घेतल्या. शांत राहणं काही जमलं नाही.

त्या आठवड्यात पाळकबाई, म्हणजे आमच्या चर्चच्या पाळकांच्या पत्नी, भाकरी आणि सुकटीची चटणी घेऊन घरी आल्या. मी मनातलं सगळं ओकून टाकलं. त्यांनी गोंजारलं वगैरे नाही. म्हणाल्या, "रूथताई, प्रभूच्या प्रार्थनेत आपण भाकर कधीची मागतो?"

"आजची."

"मग तू वर्षभराची मागून का बसलीस? आणि नुसती मागितली नाहीस, मिळाली म्हणून सांगूनही आलीस. जेव आता."

जेवले. भीती गेली नाही, पण त्या रात्री झोप लागली.

ऑपरेशनच्या दिवशीही मी थरथरत होते. ज्यांची वेळ यायची आहे त्यांना सांगते, थरथरणं म्हणजे अविश्वास नव्हे. शुद्धीवर आल्यावर डॉक्टर म्हणाले, "नाव सांगा." मी 'रूथ' म्हटलं, आणि सायकलच्या चाकातली हवा जावी तसा नुसता फुस्स आवाज आला. डॉक्टर म्हणाले, "नसेला सूज आहे. थांबून बघू." ह्यांनी तोंड फिरवून डोळे पुसले.

पुढचा रिपोर्ट बारा दिवसांनी, एका बुधवारी आला. पॅपिलरी कार्सिनोमा, म्हणजे थायरॉइडचा सावकाश वाढणारा कॅन्सर. लहान होता, पूर्ण निघाला. आता रोज एक गोळी आणि ठरावीक महिन्यांनी तपासणी. प्रत्येक तपासणीआधी भीती वाटते, अजूनही.

पण मला सांगायचं आहे ते त्या बुधवारच्या आधीच्या रविवारचं. पाळकांनी विचारलं, कुणाला साक्ष द्यायची आहे? मी उठले. माईक अगदी ओठांना लावला.

"मागच्या वेळी मी घाई केली," मी म्हटलं. "गाठ गेली नव्हती. आता ऑपरेशन झालंय. रिपोर्ट यायचाय. मला फार भीती वाटते. आज सकाळी पेज गिळता आली. आजच्यापुरती एवढीच साक्ष."

टाळ्या वाजल्या नाहीत. पाळकांनी गीताचा क्रमांक सांगितला, पण सुरुवात कुणी करेना. वीस वर्षं सुरुवात मीच करत आले होते, तेव्हा दुसरं कोण करणार?

मग मागच्या बाकावरून आमच्या ह्यांनी सुरू केलं. जन्मात सूर न लागलेला माणूस. एकेक करत सगळ्यांनी धरलं. मी नुसते ओठ हलवत होते, आणि वीस वर्षांत पहिल्यांदा मला आमची मंडळी गाताना ऐकू आली.