तळं थंड होतं तेव्हा

सुचेता गोखले सांगलीची. जपानमधल्या मोठ्या भूकंपानंतरच्या वर्षी, २०१२ साली, ती तिथल्या उत्तरेकडच्या एका विद्यापीठात संशोधनाला आली. समुद्राला लागूनच एक ज्वालामुखी होता आणि त्याच्या मुखात हिरवट पाण्याचं तळं. दर महिन्याला वर चढून त्या पाण्याचे नमुने आणायचे, हे तिचं काम. पाणी तापलं, त्यातलं आम्ल वाढलं, की डोंगर जागा होतोय असं समजायचं.

पायथ्याशी कुदो-सानचं छोटं लॉज होतं. ते वाटाड्याचं काम करत. त्यांची बायको हारुए सुचेताला मासळी न घातलेला डबा बांधून देई. पाच वर्षांत सुचेता घरातलीच झाली.

२०१७च्या ऑक्टोबरात कुदो-साननी तिला विचारलं, "सोमवारी नऊ जणांना वर न्यायचंय. नेऊ ना?"

"पाण्याचे आकडे नेहमीसारखेच आहेत. न्या तुम्ही."

सोमवारी अकराच्या सुमारास तळ्यात स्फोट झाला. वाफ, चिखल, दगड. आठ जण कड्याच्या आडोशाला वाचले. नवव्या, मागे राहिलेल्या बाईंना आणायला कुदो-सान परत फिरले होते. दोघांचे मृतदेह तिसऱ्या दिवशी मिळाले.

चौकशी समितीनं सुचेताला दोष दिला नाही. आकडे खरोखरच नेहमीसारखे होते. पण गावातल्या देवळात दोनशे वर्षांपूर्वीच्या स्फोटाची नोंद होती: आदल्या दिवशी तळ्याचं पाणी थंड होतं. म्हणजे पाणी न तापताही डोंगर फुटला होता. सुचेतानं ती वाचली होती. आपल्या शोधनिबंधात तळटीप म्हणून घातलीही होती. कुदो-सानना सांगायचं मात्र तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

मृत्यूनंतरच्या एकोणपन्नासाव्या दिवसाचे बौद्ध विधी आटोपल्यावर तिनं हे हारुएला सांगितलं.

हारुए म्हणाली, "ठाऊक असतं तर ते गेले नसते?"

"सांगता येत नाही."

"मलाही नाही सांगता येत. पण ठरवलं त्यांनी असतं." ती उठली. "सुचेता-सान, यापुढे इथे उतरू नका."

वसंतात हारुए लॉज बंद करून कावासाकीला मुलीकडे गेली. सुचेताच्या दोन पत्रांना उत्तर आलं नाही. ती अजूनही पाणी आणायला चढते. वाटाड्यांनी विचारलं तर आकड्यांबरोबर देवळातली नोंदही सांगते. एकदा एक जण वैतागून म्हणाला, "मग तुमच्या आकड्यांचा उपयोग काय?" तिनं आकडे पुन्हा सांगितले, आणि नोंदही.