मूठभर मोडाची बाजरी

जपानात त्सुकुबाला मुलाकडे राहायला गेले तेव्हा बॅगेत निम्मं वजन नाचणीच्या सत्त्वाचं होतं. नातू दीड वर्षाचा, आणि सून फोनवर म्हणाली होती, "आई, इथे सगळं मिळतं, तेवढं सत्त्व मात्र आणा." आणलं बाई. तर हा पठ्ठ्या पाळणाघरात जपानी शिकलेला. चमचा पुढे केला की "इरानाई!" म्हणजे, नको.

शेजारच्या फ्लॅटमध्ये उत्तर घानाची एक मुलगी राहायची. मुलगी म्हणजे तिशीची असेल, पण मला मुलगीच. शेतकी संशोधनाच्या केंद्रात वर्षभर शिकायला आलेली, लवकर तयार होणाऱ्या चवळीवर तिचं काम. हो, आपलीच चवळी. त्यांच्याकडे पेरण्या होतात तोवर जुनं धान्य संपत येतं आणि नवं यायला अवकाश असतो. त्या दिवसांत पोरांचे फार हाल. चवळी जरा आधी हाताशी आली तर तेवढाच आधार, म्हणून हा खटाटोप. ती मला 'मामा' म्हणायची, त्यांच्यात आईला म्हणतात तसं. म्हटलं, मामा तर मामा.

तिची लेक माझ्या नातवाएवढीच, गावी आजीपाशी, म्हणजे हिच्या आईपाशी. बाजाराच्या दिवशी आई मोठ्या गावात यायची, तेव्हा फोन व्हायचा. एका संध्याकाळी फोन ठेवून ती आमच्या ओट्याशी येऊन उभी राहिली. अंगावरचं दूध तुटल्यापासून पोर खाईना, दंडाच्या काड्या झाल्यात. बाजरीची लापशी घट्ट झाली तर गिळवत नाही, पातळ केली तर पोटात नुसतं पाणी.

"मग दूध-तूप घाला की," मी माझ्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत म्हणाले.

"कुठलं, मामा? गाई दुसऱ्यांच्या."

मी सत्त्वाचा डबाच काढून तिच्यापुढे ठेवला. भिजवायचं, मोड आणायचे, वाळवायचं, मोड चोळून टाकायचे, दळायचं. दाखवत होते तर ती हसली.

"ठाऊक आहे मला. बाजरीचंही होतं असं. घट्ट लापशीत हे चमचाभर ढवळलं की ती आपोआप सैल पडते, पाणी ओतावं लागत नाही. आईला सांगून थकले. पण आमच्याकडे मोडाच्या धान्याची दारू करतात ना! आई म्हणते, नातीला दारूचं धान्य भरवू?"

"पुढच्या बाजाराला मला दे फोन. आजीशी आजी बोलेल."

दिला. मधे ही दुभाषी.

"ही विचारते, तुमची पोरं झिंगली नाहीत ना?"

"सांग, दोन वाढवली यावर. थोरला सरळ चालतो, बायकोपुढे तेवढा वाकतो."

पलीकडून खदखदून हसणं आलं. सून आत पोळ्या लाटत होती, तीही हसली. पण मग आजी जे बोलली ते सांगताना हिचा आवाज खाली गेला. "म्हणते, कणगीचा तळ दिसतोय. मोड आणायला घातलेली बाजरी नासली तर ती कोण भरून देणार?"

मी आपली दुकानातून पिशवी आणून नाचणी भिजवणारी बाई. नासली तर कबुतरांना टाकणारी. एवढंच म्हणाले, "मूठभरच घाला. जास्त नको. शेंगदाणे असतील तर लापशीत चार कुटून टाका."

पुढच्या बाजारापर्यंत ही मुलगी काही धड जेवली नाही. मी डबा द्यायची, तो तसाच परत. मग फोन आला तो तिने आमच्याच घरात घेतला. आधी ऐकत राहिली, मग हसली, मग डोळ्यांना पदर असता तर लावला असता, तशी बाही लावली.

"लेकीने वाटी चाटूनपुसून खाल्ली म्हणे. आणि रडून अजून मागते. आई म्हणते, भूक तुझ्या त्या भारतीय बाईने जागी केली, आता अजून आणू कुठून, तेही तिलाच विचार!"

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती सायकल काढून केंद्रातली आपली चवळी बघायला गेली. खिडकीतून दिसली मला. जेवणाचा डबा तेवढा या वेळी आठवणीने घेतला होता.