बटणांच्या खोलीतला पेपर

शर्टांच्या कारखान्यात बटणं लावायच्या खोलीत मशीन नव्हतं. सगळं हातकाम. त्यामुळे तिथे माणसाचा आवाज ऐकू यायचा, आणि म्हणूनच तिथे रोज पेपर वाचला जायचा. वाचणारीला सगळ्या पेपरकाकू म्हणायच्या. तिच्या वाटणीची बटणं बाकीच्या वाटून घ्यायच्या आणि ती खिडकीपाशी स्टुलावर बसून मोठ्याने वाचायची. मंत्र्याचं भाषण आलं की कुणीतरी म्हणायचं, "पुढे व्हा काकू, त्याचं नेहमीचंच." खुनाची बातमी आली की मात्र सगळ्यांचे हात थांबायचे.

सोमवारी ती रविवारच्या पुरवणीतली कादंबरी वाचायची. त्यातली नर्स एकदा घर सोडून, ट्रंक घेऊन स्टेशनवर पोचली. पुढच्या पुरवणीत बघते तर काय, कागद महागला म्हणून पानं कमी केलेली आणि कादंबरी बंद!

"मग? बसली का ती गाडीत?" सगळ्याजणी विचारायला लागल्या.

काकूसमोर कादंबरीच्या जागी गाद्यांची भलीमोठी जाहिरात होती. तिच्यावर नजर ठेवून तिने नर्सला गाडीत बसवलं. त्या सोमवारी, मग पुढच्या, असं कित्येक आठवडे चाललं.

तिची धाकटी जाऊ त्याच खोलीत, अगदी तिला खेटून बसायची. एका संध्याकाळी घरी भाजी चिरता चिरता ती म्हणाली, "जाऊबाई, गादीच्या जाहिरातीत एवढं सगळं असतं होय?"

काकूचा चेहरा पडला. "सांगितलंस का कुणाला?"

"छे! पण त्या नर्सचं डॉक्टरशी जमवू नका हं. मेला एक नंबरचा खोटारडा आहे."

डॉक्टर पुढच्याच सोमवारी कटाप झाला. खोलीत सगळ्या खूश.

मग मोबाइल आले. आधी पोरींच्या कानात त्या वायरी आल्या, हळूहळू थोरल्यांच्याही. जावेला तिच्या मुलाने फोन घेऊन दिला. "एका कानाने ऐकतेय की तुमचं," ती म्हणायची.

एका सकाळी काकू पूल पडल्याची बातमी वाचत होती. किती माणसं गेली ते वाचून तिने मान वर केली. एकीचाही हात थांबला नव्हता. तिने पेपरची घडी घातली, स्टूल सरकवलं आणि शर्टांचा एक गठ्ठा पुढ्यात ओढला. वाचा असं कुणी म्हणालं नाही. बंद करा असं तरी कुठे कुणी म्हणालं होतं?

आता ती बटणं लावते. हात बसलाय. परवा शेजारी जाऊ एकदम खुदकन हसली.

"काय झालं गं?" काकूने विचारलं.

जावेने कानातली वायर काढली. "अं? काही नाही, असंच." आणि परत घातली.

पुढे काहीतरी सांगेल म्हणून काकू सुईदोरा हातात तसाच धरून तिच्याकडे बघत राहिली.