पाटी सोडायची तरी कधी

शेवंती, मी निघाले त्या सकाळी रिक्षावाला हॉर्न वाजवत होता आणि तू माझ्या पिशवीत कुळथाचं पीठ कोंबत होतीस. मी म्हटलं, "अगं, सहा महिन्यांसाठीच जातेय." तू वाकून पिशवीत बघितलंस नि म्हणालीस, "बाय, सहा महिन्यांसाठी कोण देव बरोबर नेतं?" खरंच, बाळकृष्ण टॉवेलात गुंडाळून घेतला होता मी. मोठी जाऊ असून धाकटीसमोर चोरी पकडल्यासारखं झालं मला.

त्याला तीन वर्षं झाली. नायगावात लेकाकडे, महेशच्या फ्लॅटमध्ये अकराव्या मजल्यावर राहते. लिफ्टची बटणं कळतात, शेजारच्या भाभीशी हिंदीत भांडताही येतं. पण आपली जागा सोडून आले, ही रुखरुख काही जाईना. दर शिमग्याला तू बोलावतेस आणि मी गुडघ्यांचं कारण सांगते. खरं सांगू? गुडघे बरे आहेत. आले तर पुन्हा निघवणार नाही, ही भीती.

आता सईचं सांगते, म्हणजे कळेल मी हे का लिहितेय. नात माझी नऊ वर्षांची, फुटबॉल खेळते. आमच्या टॉवरमागच्या मैदानावर नंदाखाल गावचे अंतोन सर शिकवायला येतात. मुलींना जागा वाटून देतात, पण शिट्टी वाजली की सगळ्या गुळाला मुंगळे लागावेत तशा बॉलमागे. सई सगळ्यांत पुढे. सर एक दिवस म्हणाले, "रविवारच्या मॅचला जागा सोडून धावलीस तर टीमबाहेर बसवीन." पोरगी लिफ्टमध्ये हमसून हमसून रडली.

मला कुठला फुटबॉल येतोय! पण आट्यापाट्या येतात. तुला सांगितलंय ना, माहेरी भात कापून झालं की रिकाम्या शेतात माझे बाबा राखेने पाट्या आखायचे. आपल्या पाटीवर हात पसरून उभं राहायचं. पाय रेघेवरून हलला की बाबा ओरडायचे, "पाटी सोडलीस, डाव गेला!" तेच मी पार्किंगमध्ये खडूने आखलं. सईला म्हटलं, गोलकीपर म्हणजे उंबऱ्यावरची राखणदारीण. मधली ती सूर, आपल्या खेळातली उभ्या रेघेवरची, तिला दोन्हीकडे धावायची मुभा. स्ट्रायकरने पलीकडच्यांच्या पाट्या फोडत जायचं. आणि तू डिफेन्स, ही तुझी पाटी. काही झालं तरी सोडायची नाही. सईने चार संध्याकाळी मुकाट्याने उभं राहून दाखवलं. मला कोण अभिमान!

रविवारी मी पायरीवर बसले होते. बरोबरीत खेळ चाललेला. समोरची एक मुलगी बॉल घेऊन आली, सईपासून चार पावलांवर. सई हात पसरून जागच्या जागी. तिची मैत्रीण किंचाळली, "ए पुतळे, जा ना!" सईने माझ्याकडे बघितलं आणि भर मैदानातून विचारलं, "आजी, जाऊ का?"

शेवंती, माझ्या तोंडून "नको" गेलं गं.

गोल झाला. आम्ही हरलो. काही आईबाप हसले. सई बूट काढत म्हणाली, "आता मला टीममध्ये घेणार नाहीत. तूच सांगितलंस, सोडायचं नाही म्हणून." तशीच उठले नि सरांपुढे जाऊन उभी राहिले. "चूक माझी आहे. पोरीला काढू नका. आमच्या खेळात पाटी सोडत नाहीत, तेच शिकवलं मी."

सर टोपी काढून हसले. "काढतो कशाला? बाकीच्या एका जागी उभ्या राहायला वर्ष घेतात. ही चार दिवसांत राहिली. कधी सोडायचं ते मी शिकवीन. पन आजी, तुम्ही पन ऐका. बॉल आला की जायचं. मागची पोरगी तेवढा वेळ तिथं उभी राहते. काम झालं की परत यायचं. जागा पोरीची असते, रेघेची नाय."

सई नाक पुसत म्हणाली, "म्हणजे मी टीममध्ये?" सर म्हणाले, "मंगळवारी बूट घालून ये, चप्पल नको."

ती उड्या मारत घरी गेली, मी मात्र बराच वेळ पायरीवर बसून राहिले. तीन वर्षं मी तशीच उभी होते बघ, हात पसरून. तिकडे तू माझ्या वाट्याची सगळी कामं उरकतेस आणि वर "बाय, काळजी नको" म्हणतेस. इकडे कुकरच्या शिट्ट्या मोजायलासुद्धा सईला मी लागते. निघाले म्हणजे सुटलं, असं मला कोणी सांगितलं होतं? मीच सांगितलं होतं स्वतःला. घर म्हणजे आता मला असं वाटतं, जिथून निघताना कोणी अडवत नाही आणि परत आल्यावर कोणी का आलीस विचारत नाही. अशी दोन मिळाली तर दोन.

शिमग्याला येतेय, पालखीच्या आदल्या दिवशी. घावनं मी करीन, तू मध्ये पडू नकोस. महेशला परतीचं तिकीटही आत्ताच काढायला लावलंय. रागावू नकोस हं.